वाचून ओळख आहे, भेटायचं राहिलंय

गेल्या अंकात एका उत्तरात मी ओघात लिहून गेले की आम्ही ब्लॉग लिहिणारी मंडळी अधूनमधून प्रत्यक्ष भेटतो, आणि गंमत म्हणजे मूळ उत्तराचं कोणाला काही नाही, सगळी पत्रं त्या एका वाक्यावर. कसं भेटता, कोण बोलावतं, किती जण येतात, बोलता काय. म्हणून या वेळची सगळी जागा त्यालाच दिली. पत्रं कापूनछाटून घेतलीयेत आणि नावं काढलीयेत (तिघांनी तर तशी ताकीदच दिली होती). मी काही इव्हेंट मॅनेजमेंटवाली नाही हे आधीच सांगते. आजवर सहा भेटी भरवल्या, त्यातल्या दोन साफ फसल्या, आणि खाली जे काही लिहिलंय त्यातलं बरंचसं त्या फसलेल्या दोन भेटींतूनच आलंय.

प्रश्न : ताई, आमच्या इथे ब्लॉग लिहिणारे आम्ही नऊ-दहा जण आहोत. चार वर्षं एकमेकांचं वाचतोय पण एकदाही भेटलो नाही. दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी लिहितं "अरे एकदा भेटूया यार", बाकीचे अंगठे देतात आणि विषय तिथेच संपतो. घोडं नक्की कुठे अडतंय?

"सगळ्यांना कधी जमेल?" या प्रश्नावर अडतंय. हा प्रश्न विचारूच नका. दहा माणसांना एकच दिवस जमलाय असं मी आजवर पाहिलेलं नाही, एक जण म्हणतो शनिवार, दुसरी म्हणते शनिवार सोडून काहीही, तिसरा तीन दिवसांनी उगवतो आणि ठरत आलेलं मोडतो. त्यापेक्षा दोघांनी आपसात बसून दोन तारखा काढा, तीन-चार आठवडे पुढच्या, सलग सुट्ट्या आणि परीक्षांचे दिवस टाळून. मग त्या दोनच तारखा सगळ्यांपुढे ठेवा, तीन दिवस मतं घ्या, जास्त हात वर जातील ती तारीख फिक्स. ज्यांना नाही जमणार ते पुढच्या वेळी येतील, त्यांच्यासाठी तारीख हलवायला लागलात की मग हलवतच बसाल.

आणि वेळ लिहिताना सुरू व्हायची लिहिता तशीच संपायचीही लिहा. हे लोक हमखास विसरतात. घरी लहान पोरं असणारे, शेवटची गाडी पकडणारे, कोणालातरी सांगून निघावं लागणारे, यांना "पाच वाजता भेटू" एवढ्याने काही ठरवता येत नाही, "पाच ते साडेसात" म्हटलं की येता येतं. अडीच तास पहिल्या भेटीला पुरतात. ज्यांना उठावंसं वाटत नाही ते तसेही थांबतातच.

जागा बघायला जाल तेव्हा ज्या वारी आणि ज्या वेळेला भेट आहे त्याच वारी त्याच वेळेला जा. मी एकदा मंगळवारी दुपारी जाऊन एक जागा पसंत केली, इतकी शांत की घड्याळाची टिकटिक ऐकू यावी, आणि रविवारी संध्याकाळी आम्ही पोचलो तर डोक्यावरच्या स्पीकरवर गाणी आणि शेजारी कोणाचातरी वाढदिवस. अडीच तास आम्ही एकमेकांच्या कानात ओरडत होतो, समोरच्या माणसाचा ब्लॉग कशावर आहे हे मला घरी येऊन मेलवरून विचारावं लागलं. त्यामुळे मी आता तिथे उभी राहते, सोबतच्या माणसाला चार हात लांब उभं करते आणि साध्या आवाजात बोलून बघते. ऐकू आलं तर जागा चालेल.

पायऱ्या किती, रॅम्प आहे का, टॉयलेट त्याच मजल्यावर आहे का, हे तेव्हाच बघून निमंत्रणात सरळ लिहून टाका, म्हणजे कोणाला चारचौघांत विचारायची वेळ येत नाही. पहिली भेट कोणाच्या घरी नको. वाचून कितीही जवळचे वाटले तरी आपण एकमेकांना अनोळखीच असतो, बोलावणाऱ्यालाही अवघड आणि एकटीने येणाऱ्या बाईला तर त्याहून. वाचनालयाचा हॉल, शाळेचा वर्ग, कोणाच्या संस्थेची मीटिंगची खोली, असं काहीतरी चार लोकांच्या राबत्यातलं शोधा. मॅपचा पिन पाठवाच, पण सोबत दाराचा एक फोटो पण पाठवा, कारण पिन तुम्हाला इमारतीपाशी आणून सोडतो, दार शोधायचं काम तो करत नाही.

प्रश्न : फॉर्म भरून घेतला तर एकतीस जणांनी "नक्की येणार" लिहिलंय. तेवढ्या खुर्च्या मांडू का?

तुमचा आकडा वाचून हसूच आलं कारण आमच्या पहिल्या भेटीला पण बरोब्बर एकतीसच "नक्की" होते. आले चौदा. मोठ्या हॉलमध्ये एकतीस खुर्च्यांच्या रांगा आणि त्यात विखुरलेली चौदा माणसं, प्रत्येकाच्या आजूबाजूला दोन खुर्च्या रिकाम्या, अगदी परीक्षेला बसल्यासारखी. ती भेट तिथेच फसली. तेच चौदा लोक लहान खोलीत दाटीवाटीने बसले असते तर काय धमाल आली असती.

फुकटच्या कार्यक्रमाला "येतो" म्हणायला काही लागत नाही, त्यामुळे लोक चांगल्या मनाने म्हणतात आणि त्या दिवशी जांभई देऊन पडून राहतात. यावर माझा उपाय असा आहे की दोनदा विचारायचं. आठवडाभर आधी एकेकट्याला वेगळा मेसेज, "येताय ना, खुर्ची धरतेय", आणि आदल्या दिवशी संध्याकाळी पुन्हा एकदा पत्ता आणि वेळ. ग्रुपवर विचारलेल्याला उत्तर द्यायची जबाबदारी कोणाचीच नसते, स्वतःच्या नावाने आलेल्या मेसेजला मात्र माणूस हो-नाही काहीतरी कळवतो. "जमणार नाहीये" असं लिहिणाऱ्याचे आभार माना, खरंच माना, त्याने तुमचं काम सोपं केलंय. आणि खुर्च्या अंदाजापेक्षा कमीच मांडा, जास्तीच्या भिंतीशी रचून ठेवा. उशिरा आलेल्यासाठी रचलेल्यातली खुर्ची ओढून आणली की त्यालाही बरं वाटतं.

प्रश्न : बोलवायचं कोणाला यावरच आमच्यात वाद आहे. काही जण म्हणतात ज्याचा स्वतःचा ब्लॉग आहे तोच ब्लॉगर, सोशल मीडियावर लांब पोस्टी टाकणारे आणि व्हिडिओ करणारे नकोत.

हा सोवळ्या-ओवळ्याचा वाद आम्हीही घातलाय, त्यात एक अख्खा महिना गेला. "वेबलॉग" हा शब्द १९९७ मध्ये जॉर्न बार्गर यांनी वापरला तो वेब धुंडाळताना सापडलेल्या गोष्टींची नोंद या अर्थाने, म्हणजे दुसरीकडच्या लिंका आणि त्यावर आपल्या दोन ओळी. १९९९ मध्ये पीटर मरहोल्झ यांनी गमतीत त्या शब्दाची फोड "वी ब्लॉग" अशी केली आणि तिथून ब्लॉग सुटा झाला. त्याच वर्षी ब्लॉगर ही सेवा सुरू झाली, मग २००३ मध्ये वर्डप्रेस, आणि लोक त्यात रोजनिशीपासून कवितांपर्यंत वाटेल ते लिहायला लागले. म्हणजे मूळ अर्थाची कसोटी लावली तर तुमच्या गटातले सोवळेवालेच आधी बाहेर जातील.

मी एकच बघते, हा माणूस स्वतःचं स्वतः लिहितो का आणि दुसऱ्यांचं वाचतो का. फक्त आपलं वाचून घ्यायला येणारे खूप असतात, अशा चौघांनी मिळून एक अख्खी संध्याकाळ खाल्लेली मी बघितलीये. व्हिडिओवाल्यांना बोलवा, फक्त कॅमेरा सुरू करून आत यायचं नाही हे आधी सांगा. का ते पुढच्या पत्रात येतंय.

प्रश्न : मी टोपणनावाने लिहिते. घरी माहीत नाही, ऑफिसात तर अजिबात नाही. भेटायची फार इच्छा आहे, पण गेले आणि कोणी फोटो टाकला तर? न जाणंच बरं का?

जा. पण आयोजकांना आधी हे सगळं लिहून कळवा आणि त्यांचं उत्तर बघा. "काय होतंय एवढं, सगळे आपलेच आहेत" असं उत्तर आलं तर मात्र जाऊ नका, कारण ज्याला प्रश्नच कळला नाही तो काळजी काय घेणार.

हे उत्तर खरं म्हणजे आयोजकांसाठीच लिहितेय. टोपणनावाने लिहिणारे आपल्यात खूप असतात, आणि त्यातले काही नुसत्या हौसेने लपलेले नसतात, नोकरी, घर, एखादं आजारपण, एखादं मोडलेलं लग्न, कशाकशावर ते लिहीत असतात आणि नाव नाही म्हणूनच लिहू शकत असतात. तर पहिली गोष्ट, फॉर्ममध्ये "खरं नाव" हा रकानाच ठेवू नका. "आम्ही तुम्हाला काय नावाने हाक मारू?" एवढंच विचारा. जागेच्या मालकाला गेटवर नावांची यादी लागत असेल तर ते आधीच सांगून टाका, दारात जाऊन कळायला नको.

दुसरं म्हणजे भेटीसाठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढून सगळ्यांना त्यात ढकलू नका. ग्रुपमधल्या सगळ्यांना सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि नंबर दिसला की पुढे नाव, फोटो, सगळंच निघतं. मेल पाठवा आणि पत्ते बीसीसीत टाका, म्हणजे एकाचा पत्ता दुसऱ्याला दिसत नाही. एकदा आमच्याच एका उत्साही मित्राने सगळे पत्ते वरच्या ओळीत टाकले, आणि एका टोपणनाववालीचा पत्ता होता तिच्या खऱ्या नाव-आडनावाचा. तिने त्या दिवसापासून लिहिणंच थांबवलं. आम्ही माफी मागितली, पण माफीने वाचलेलं नाव लोकांच्या डोक्यातून पुसता येत नाही.

तिसरं बिल्ले. आता बिल्ल्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण वाटतो तेवढा तो किरकोळ विषय नाही. बिल्ल्यावर ब्लॉगचं नाव मोठ्ठं आणि माणसाचं नाव त्याखाली, कारण तिथे ओळख ब्लॉगच्या नावानेच पटते. जाड मार्करने, दोन-तीन हातांवरून वाचता येईल एवढी अक्षरं, बारीक बॉलपेनने लिहिलेला बिल्ला वाचायला माणसाच्या छातीशी वाकावं लागतं आणि ते दोघांनाही नको असतं. गळ्यात अडकवायचा असेल तर दोन्ही बाजूंना लिहा. पंखा सुरू झाला की सगळे बिल्ले उलटे होतात आणि मग हॉलभर कोरे कागद लटकवलेली माणसं. दारातच दोन रंगांच्या फिती ठेवा, एका रंगाचा अर्थ फोटो चालेल, दुसऱ्याचा अर्थ नको. बऱ्याच परिषदांमध्ये आता अशी पद्धत असते. पण फिती ठेवून भागत नाही, सुरुवातीला एकदा मोठ्याने सांगावं लागतं की लाल फीत दिसली तर मागच्या गर्दीतसुद्धा तो चेहरा येता कामा नये.

ग्रुप फोटो काढायचाच असतो, त्याशिवाय लोकांचं समाधान होत नाही, तर तो अगदी शेवटी काढा, आधी जाहीर करून, ज्यांना नको त्यांना आरामात बाजूला व्हायला वेळ देऊन. आमच्याकडे लाल फीतवालेच फोटो काढायचं काम घेतात, त्यामुळे ते बाजूला का उभे आहेत असंही कोणी विचारत नाही. अजून एक, फोनचं लोकेशन चालू असेल तर मूळ फोटोच्या फाइलमध्ये तो कुठे काढला ते नोंदलेलं असतं, त्यामुळे फोटो वाटताना ती माहिती काढून वाटा. आणि भेट चालू असताना "आत्ता इथे, अमुकतमुक सोबत" अशी पोस्ट टाकू नका, घरी गेल्यावर टाका, तीही विचारून.

तुमच्यापुरतं सांगायचं तर ऑफिसाच्या बॅगेवरचा लोगो आणि गळ्यातलं ओळखपत्र घरी ठेवून या. हसू नका, आमच्याकडे एका माणसाचं तीन वर्षं जपलेलं टोपणनाव त्याच्या गळ्यातल्या कार्डामुळे दहा मिनिटांत फुटलं होतं.

प्रश्न : कार्यक्रमाची रूपरेषा कशी असावी? अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, प्रास्ताविक, मग दोन भाषणं, मग सत्कार आणि वेळ उरला तर परिचय असं ठरवतोय.

वेळ उरणार नाही. तुम्ही नमनालाच घडाभर तेल घालायला निघालायत. माझी दुसरी फसलेली भेट डिट्टो अशीच होती, बाहेरून एक वक्ते बोलावले, ते चाळीस मिनिटं "लेखन म्हणजे काय" यावर बोलले आणि समोर बसलेले बावीस जण दहा-दहा वर्षं लिहिणारे. मग प्रोजेक्टर चालेना, त्यात वीस मिनिटं गेली, आणि खरं सांगते, त्या वीस मिनिटांत जो आवाज चढला, जे हसणं, "अय्या ते तुम्ही का!", ती खरी भेट. प्रोजेक्टर लागला आणि सगळे पुन्हा गप्प बसले.

हे काही मला एकटीला सुचलेलं शहाणपण नाही. हॅरिसन ओवेन नावाच्या अमेरिकन माणसाने एक मोठी परिषद भरवली, तयारीत वर्ष घातलं, आणि लोकांना सगळ्यात काय आवडलं तर मधल्या सुट्ट्या. त्यावरून त्याने १९८५ मध्ये "ओपन स्पेस" नावाची पद्धत काढली. सगळे गोलात बसतात, भिंतीवर कोरं वेळापत्रक असतं, ज्याला ज्या विषयावर बोलायचंय त्याने उठून चिठ्ठीवर लिहायचं आणि भिंतीवर चिकटवायचं, मग लोक आपल्या आवडीच्या विषयापाशी जाऊन बसतात. त्यात एक नियम आहे, दोन पायांचा नियम, की जिथे तुम्ही काही शिकतही नाही आणि काही भरही घालत नाही तिथून उठायचं आणि दुसरीकडे जायचं, राग मानायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. आपल्याकडे चालू गप्पांतून उठून जाणं म्हणजे अपमान, त्यामुळे हा नियम आधी मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, तेव्हा कुठे एखादा उठतो, तोही मोबाइल वाजल्याचं नाटक करून.

२००५ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टोला पहिला बारकॅम्प झाला तोही याच धर्तीवर. निमंत्रितांसाठीच असलेल्या एका शिबिराला मोकळा पर्याय म्हणून काही जणांनी तो उभा केला, आणि तोही आठवड्याभराच्या आत. तिथे नुसतं प्रेक्षक म्हणून बसायचं नाही, आलेल्याने काहीतरी हातभार लावायचा, अशी रीत पडली आणि पुढे जगभर असे कॅम्प झाले. सांगायचा मुद्दा, सहा महिने कमिटी बसवायची गरज नाही.

तुमच्या अडीच तासांचं मी असं करेन. पहिला अर्धा तास नुसता मोकळा, कारण लोक येतच असतात. मग परिचय, पण "माझं नाव अमुक, मी अमुक साली जन्मलो" असा नाही. प्रत्येकाने ब्लॉगचं नाव सांगायचं आणि आपण न लिहिलेली, इथल्याच दुसऱ्या कोणाचीतरी, लक्षात राहिलेली एक पोस्ट सांगायची. एक मिनिट. फोनवर टायमर, आणि टायमर लावायला सगळ्यात लहान वयाचा माणूस, त्याच्यावर कोणी चिडत नाही. आमच्याकडे एका आजोबांनी एका पोरीची सात वर्षांपूर्वीची पोस्ट जवळजवळ तोंडपाठ सांगितली, सायकलवरून पडण्यावरची अगदी साधी पोस्ट, आणि ती पोरगी म्हणाली मला वाटत होतं ती कोणीच वाचली नाही, कमेंटच नव्हती एक पण. पुढचा तासभर मग सगळ्यांनाच तेच करायचं होतं, टायमरचं कोणी ऐकेना.

त्यानंतर तीन-चार कोपरे करा आणि तीन-चार विषय. लिहिणं मध्येच बंद पडलं तर काय करता, चोरलेल्या पोस्टींचं काय करायचं, जुन्या लिखाणाचा बॅकअप कसा घ्यायचा, असे हाताशी लागणारे विषय घ्या. बॅकअपच्या कोपऱ्यात एक्स्टेन्शन बोर्ड न्या, तिथे दरवेळी गर्दी होते. अगदी सादरीकरण हवंच असेल तर पेचाकुचाचा नियम लावा, २००३ मध्ये टोकियोत दोन वास्तुविशारदांनी तो काढला, वीस स्लाइड, प्रत्येक स्लाइड वीस सेकंद आणि आपोआप पुढे जाते, म्हणजे ६ मिनिटं ४० सेकंदांत माणूस खाली बसतो. लांबण लावायची सोयच नाही.

सत्कार काढून टाका. कोणाचा केला आणि कोणाचा राहिला यावर पुढची दोन वर्षं बोलणं होतं.

प्रश्न : मी नवीन आहे, सहाच महिने लिहितोय, कोणालाच ओळखत नाही. अशा ठिकाणी गेलो की भिंतीला पाठ लावून मोबाइलमध्ये डोकं घालून उभा राहतो आणि घरी येतो. काय करू?

जाण्याआधी येणाऱ्यांपैकी तिघांचे ब्लॉग वाचून जा. नुसते चाळू नका, वाचा. "तुमचं ते पोस्टमनवरचं वाचलं, तो पुढे भेटला का हो?" एवढं एक वाक्य तुमच्याकडे असलं की लिहिणारा माणूस पुढची वीस मिनिटं तुम्हाला सोडणार नाही, आम्ही सगळे असेच आहोत, भुकेले. आणि लवकर जा, लोक टाळतात पण लवकरच जा, दहा माणसं यायच्या आधी. रिकाम्या हॉलमध्ये पहिल्या तिघांत तुम्ही असलात तर बोलणं आपोआप होतं, भरलेल्या हॉलमध्ये मात्र प्रत्येक घोळका आधीच बंद झालेला असतो. खुर्च्या लावू का म्हणून विचारा. हातात काम असलं की भिंतीची आठवण येत नाही.

घोळक्यात शिरायचं तर तीन किंवा पाच जणांचा बघा. याला थोडा आधार आहे, रॉबिन डनबार नावाचे मानववंशशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपणहून जमलेल्या गप्पांचे गट मोजले होते, १९९५ मध्ये ते छापून आलं, आणि त्यांना दिसलं की एका गप्पेत साधारण चारच माणसं मावतात, त्याच्या वर गेलं की गप्पा फुटून दोन होतात. म्हणजे तिघांत तुम्ही गेलात तर चौथे म्हणून बसता, आणि पाच जणांत कोणीतरी आधीच सुटं पडलेलं असतं, तुमच्यासारखंच इकडेतिकडे बघत. चौघांच्या घोळक्याला मी स्वतः अजूनही भिते.

आयोजकांनो, हा मुलगा तुमच्या हॉलमध्ये असणारच आहे, दरवेळी एक तरी असतो. दोन जुन्या मंडळींना आधीच सांगून ठेवा की तुमचं काम फक्त भिंतीकडे बघणं. तुम्ही स्वतः ते करू म्हणाल तर होणार नाही, तुम्ही चाव्या शोधत असता.

प्रश्न : आमच्यातल्या दोघांचं गेल्या वर्षी कमेंटमध्ये कडाक्याचं भांडण झालं. दोघंही येणार म्हणतायत. बसवायचं कसं?

बसवू नका, येऊ द्या. मात्र दोघांनाही आधी वेगवेगळं कळवा की दुसरा येतोय, दारात तोंडावर आपटायला नको. समेट घडवून आणायचा मोह आवरा, सगळ्यांसमोर हात मिळवायला तर मुळीच लावू नका. माझा अनुभव असा की कीबोर्डवर आठशे शब्दांत तुटून पडणारी माणसं समोरासमोर आली की हवापाण्यावर बोलतात. मात्र प्रकरण नुसत्या वादाचं नसेल, कोणी कोणाच्या मागे लागलं असेल, घाणेरडे मेसेज, धमक्या असं काही असेल, तर मग "दोघंही आपलेच" म्हणून चालणार नाही. त्रास देणाऱ्याला येऊ नका म्हणून कळवायचं, लेखी, एका ओळीत, आणि ती ओळ आयोजकांपैकी दोघांच्या नावाने जाऊ दे. पुढे त्याची पोस्ट येईल तुमच्यावर. येऊ दे.

प्रश्न : एक कंपनी हॉलचा सगळा खर्च द्यायला तयार आहे, फक्त बॅनर लावणार आणि दहा मिनिटं बोलणार म्हणतेय. घ्यावं का?

स्पॉन्सर घेण्यात पाप काहीच नाही. वर्डप्रेसवाल्यांचे वर्डकॅम्प २००६ पासून चालतात, सॅन फ्रान्सिस्कोला पहिला झाला, राबणारे स्वयंसेवक असतात आणि खर्चाला स्पॉन्सर असतात. पण तुम्ही पंधरा जण आहात. पंधरा जणांच्या भेटीला असा किती खर्च येतो? आपसात वाटून घेतला तर कोणाच्या लक्षातही राहणार नाही. ज्याला परवडत नाही त्याच्याकडून घेऊ नका आणि ते फक्त हिशोब ठेवणाऱ्यालाच माहीत असू दे. बॅनर एक वेळ चालेल, पण ती दहा मिनिटं तीस होतात, आणि आलेल्यांचे फोन नंबर मागितले तर तिथेच विषय बंद करा. पैसे गोळा केलेत तर दुसऱ्याच दिवशी सगळ्यांना हिशोब पाठवा, अगदी मार्करच्या पेटीसकट.

प्रश्न : आणि समजा एवढं सगळं करून तिघंच आले तर?

आमच्या चौथ्या भेटीला पाऊस इतका होता की मी धरून तिघंच पोचलो. अर्धा तास आम्ही दाराकडे बघत बसलो, मग एकाने उठून दार लोटून घेतलं आणि पिशवीतून स्वतःच्या पोस्टचा अर्धवट खर्डा काढला, दोन महिने अडलेला, आणि म्हणाला जरा ऐकता का. तो खर्डा आम्ही तिघांनी मिळून मधोमध फाडला आणि खालचं वर घेतलं. अजूनही त्याच्या ब्लॉगवर तीच पोस्ट सगळ्यात जास्त वाचली जाते असं तो सांगतो.

तेव्हा तिघं आलात तर एकच टेबल घ्या, बाकीच्या खुर्च्या उचलून ठेवा म्हणजे त्या दिसत राहणार नाहीत, आणि ज्यांनी यायचं कबूल केलं होतं त्यांच्याबद्दल पहिली पाच मिनिटं काय ते बोलून घ्या, नंतर नाही. उठायच्या आधी पुढची तारीख ठरवा. तिघांत ती दोन मिनिटांत ठरते.